डागमावशींचं कालचं जेवण

रुग्ण: स्त्री, प्रौढ. व्यवसाय: धुलाई कारखान्यात डाग काढणे. बांधा: स्थूल. रक्तातील साखर: वाढलेली. आहार: भरपूर व वैविध्यपूर्ण, अंडी, मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थ व ताजी फळे यांचा नियमित समावेश, तेलकटाकडे व गोडाकडे विशेष ओढा. पथ्यपालन: असमाधानकारक. सल्ला: रुग्णाने खाण्यावर ताबा ठेवावा.

वस्तीतल्या दवाखान्यात डागमावशींचं हे असं वर्णन आहे. त्यात खाण्याचा सल्ला देणाऱ्या आहारबाईंनी पदरचं काहीही घातलेलं नाही. त्यांनी दर खेपेला मावशींना समोर बसवून विचारलं, मावशींनी सांगितलं आणि बाईंनी लिहून घेतलं. दोघींनीही आपापलं काम चोख केलं.

मावशींचं काम डागांचं. शहरातल्या मोठ्या हॉटेलांचे आणि मेजवानीच्या दालनांचे टेबलक्लॉथ, हातरुमाल, आचाऱ्यांचे एप्रन पोत्यांत भरून कारखान्यात येतात. यंत्रात जाण्याआधी ते मावशींच्या पत्र्याच्या टेबलावरून जातात. टेबलावर दिवा, दोन ब्रश, सहा बाटल्या आणि वरून लोंबणारी वाफेची नळी. डाग कशाचा हे कळल्याशिवाय तो निघत नाही. अंड्याला गरम पाणी लागलं की ते कापडातच शिजतं, आणि रश्शाचं तूप आधी उचललं नाही तर हळद पक्की बसते. मावशी कापड उजेडात धरतात, नखानं खरवडतात, वास घेतात. शेजारी घड्या घालणारी बाई, जिला सगळे घडीवाली म्हणतात, ती विचारते, "काय गं, काल कुठल्या साहेबांकडे काय शिजलं?" आणि मावशी सांगतात, "मटण होतं. दही सांडलंय एकानं. शेवटी काहीतरी चॉकलेटचं. पोरं होती बरोबर, आंब्याचे हात पुसलेत टेबलाला." लोकांनी काल काय खाल्लं हे आचाऱ्याच्या खालोखाल मावशींना ठाऊक असतं. त्या सुखात एकच खोट होती, ती म्हणजे ते सगळं कापडावर होतं.

दवाखान्यात पहिल्यांदा गेल्या तेव्हा आहारबाईंनी पेन उघडून विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लंत?" डोळ्यांपुढे सकाळचं पहिलं पोतं आलं. त्या म्हणाल्या, "सकाळी अंडी." मग जीभ सैल सुटली. दुपारी मटण सांगितलं, संध्याकाळी मासे सांगितले, वर एक केळंही सांगितलं. आहारबाई लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "मावशी, अहो जरा आवरा." असं कुणी दटावलं की माणसाला बरं वाटतं. मावशींना वाटलं.

यात त्या एकट्या होत्या असं नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या वस्तीतल्या सगळ्याच बायका आत जाण्यापूर्वी कालचं जेवण ठरवून घेत.

"मी आज मासे सांगणारेय."

"मासे मी सांगितलेत मागच्या खेपेला. तू अंडी सांग."

"अंडी काय, अंडी कुणीही सांगतं."

"मग सांग मटण! तुझ्या बापाचं काय जातंय?"

"तेल बेतानं घाल गं, तेलावर फार ओरडतात त्या."

याला कारणही होतं. मागे कधीतरी मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी याच प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं. पुढच्या आठवड्यात दोन साहेब आणि एक फोटोवाला त्यांच्या घरी आले. त्यांनी डबे उघडून पाहिले. रिकाम्या डब्यांचा फोटो निघाला, मग शिंपीणबाईंचा डब्यांसकट निघाला. मदत यायची होती ती अजून येतेच आहे. फोटो मात्र पेपरात आला, आणि शिंपीणबाईंची मुलगी महिनाभर शाळेत गेली नाही. तेव्हापासून वस्तीत काल कुणी उपाशी राहिलेलं नाही.

या उत्तरांची बेरीज करून वर अहवाल गेला, आणि वरून निदान आलं की या भागात अतिआहाराची समस्या गंभीर आहे. त्यावर उपाय म्हणून दवाखान्याच्या भिंतीवर रंगीत फलक लागला: 'कमी खा, रोज अर्धा तास चाला.' बसचे पैसे वाचवायला कामावर चालत जाणाऱ्या बायका त्या फलकाखाली पाय चेपत बसत.

मावशींचं घर एका खोलीचं. मुलगा मालट्रकवर, तो येई तेव्हा येई, त्याचे पैसे तर त्याहूनही उशिरा येत. घरी सून आणि तिची अंगावर पिणारी मुलगी. सुनेचं बाळंतपण झालं त्या दिवशी मावशींनी मनाशी एक गोष्ट ठरवली आणि ती कुणाला सांगितली नाही. घरात पातेल्यात जे असेल ते आधी सुनेचं. सून वाढायला बसली की मावशी म्हणत, "मी कारखान्यात जेवले गं. आज तर जास्तच झालं." कारखान्यात दुपारी घडीवालीनं डबा पुढे केला की म्हणत, "घरून जेवून निघालेय. सुनेनं आग्रह केला." दवाखान्यात काय म्हणत ते वर आलंच आहे. अशी तीन ठिकाणी रोज पोटभर जेवणारी दुसरी बाई अख्ख्या वस्तीत नव्हती.

पोटात खरं म्हणजे चहा जाई. कारखान्याचा चहा फुकट होता आणि साखर आपल्या हातानं घ्यायची होती. कधी चहाबरोबर पाव. तेवढ्यावर माणूस वाळत नाही, उलट फुगतो. अंगानं भरलेल्या बाईकडे बघून तिला भूक लागली असेल अशी शंका कुणाला येत नाही. सुनेलाही आली नाही.

साखर उतरवणाऱ्या गोळीच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'जेवणानंतर'. मावशींनी त्याचा साधा अर्थ लावला. जेवणाची वेळ होऊन गेली की ते जेवणानंतरच. दुपारचा भोंगा झाला, सगळ्यांचे डबे मिटले, की त्या गोळी टाकून वर चहाचा घोट घेत. या बाबतीत त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी होती.

मग चक्कर सुरू झाली. आधी हात कापायचे, मानेवर गार घाम यायचा. मावशी तो वाफेच्या नावावर टाकत. जीव एका जागी ठरेना. ब्रश उचलावा, ठेवावा, बाटली उघडावी, कशाला उघडली ते आठवू नये. घडीवालीशी उगाच भांडावं. एका दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या टेबलाला धरून खाली बसल्या. घडीवालीनं चहा पाजला, तिप्पट साखर घालून, तेव्हा जग पुन्हा जागेवर आलं. यावरून मावशींनी निष्कर्ष काढला की चहा औषधी आहे.

डॉक्टरांकडे गेल्या, गरगरतं म्हणाल्या. आत जाताना सगळ्यांसमोर पडायला नको म्हणून बाहेरच्या टपरीवर एक गोड चहा घेऊनच गेल्या. बोटातून रक्त काढलं, साखर चढलेलीच निघाली. डॉक्टरांनी आहारबाईंचा कागद पाहिला. त्यात मटण होतं, मासे होते, दही होतं, आंबा होता. डॉक्टर भला माणूस, ओरडले नाहीत. त्यांनी नुसती गोळी वाढवली.

वाढवलेली गोळी आणि तेच रिकामं पोट यांचं आठवडाभर कसंबसं जमलं. मग एका दुपारी वाफेची नळी मावशींच्या उजव्या हातात होती आणि मावशी तिथं नव्हत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला होता आणि मुकादम त्यावर नळाचं पाणी सोडत होता.

मुकादमानं त्यांना पाणी दिलं, स्टूल दिलं आणि मग म्हणाला, "मावशी, मी तुमच्या मुलासारखा. पण आज हात गेला, उद्या तोंड जाईल, आणि फाशी मला लागेल. दवाखान्याचा कागद आणा. वाफेजवळ काम करायला हरकत नाही असं लिहून आणा. त्याशिवाय त्या टेबलाला मी तुम्हाला उभं करणार नाही."

"मग घडीला बसव मला."

"घडीला आधीच तिघी आहेत. एकीला उठवू? घडीवालीला उठवू?"

घडीवाली म्हणाली, "मेल्या, मला कशाला मध्ये ओढतोस!" आणि विषय संपला.

सून बाळाला कडेवर घेऊन कारखान्याच्या फाटकाशी मावशींना न्यायला आली. घडीवाली मावशींना धरून तिथवर आली आणि तिनं सुनेलाच झापलं. "एवढं भरपेट जेवायला घालून पाठवतेस सासूला, आणि इथं आम्हाला तिला उचलून न्यावं लागतं! काय घालतेस तरी काय जेवणात?"

सुनेनं घडीवालीकडे पाहिलं, मग मावशींकडे पाहिलं. मावशींनी फाटकावरची पाटी वाचायला घेतली. ती त्या कितीतरी वर्षं रोज वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला निघताना सून चप्पल घालून तयारच होती.

"तू कशाला येतेस? बाळाला तिथली हवा लागेल."

"लागू दे."

"बसायला जागा नसते गं तिथं."

"मी उभी राहीन."

"मी काय लहान आहे का वाट चुकायला?"

"आई, चला."

वाटेत मावशी दोनदा थांबल्या. एकदा चप्पल तुटल्याचं सांगितलं. ती तुटलेली नव्हती. एकदा टपरीवर चहा घेऊ म्हणाल्या. सुनेनं, "आधी तपासणी," म्हणून हात धरून पुढे नेलं. बाकावर बसल्यावर त्या उठल्या, फलक वाचला, बसल्या, पुन्हा उठल्या. सुनेला म्हणाल्या, "तू बाहेर थांब, मी पटकन कागद घेऊन येते." सून म्हणाली, "कागद तुम्ही घ्या, मी नुसती बसते." कागद मिळायचा तर आत जावं लागणार होतं. आत प्रश्न होता, प्रश्नाच्या वेळी सून असणार होती, आणि आहारबाईंच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. पडद्याला लागूनच बाक होतं. मटण सांगावं तर सुनेला कळणार. खरं सांगावं तर बाकाला कळणार, आणि मग फोटोवाला.

नाव पुकारलं गेलं.

आहारबाईंनी हाताची पट्टी पाहिली, च्‌च्‌ केलं, पेन उघडलं. "काल सकाळी काय खाल्लंत?"

"चहा."

"बरोबर?"

"अंडी." मावशींनी सवयीनं पुढे ढकललं. "दोन."

सुनेची मान वळली. मावशींनी आपली नजर टेबलावर ठेवली. टेबलावर पांढरं कापड होतं, त्यावर पेल्याचा गोल डाग. कुणीतरी गरम पाण्यानं धुऊन तो कायमचा करून ठेवला होता.

"दुपारी?"

"कारखान्यात. भात... मटण. दही."

"काल दुपारी मटण जेवलात?" सून म्हणाली. "हात भाजलाय तुमचा. काल दुपारीच भाजला."

"मग परवा."

"रोज दुपारी तुम्ही घडीवाल्या काकूंना म्हणता, घरून जेवून आलेय. काल संध्याकाळी हात बांधलेला असतानाही मला म्हणालात, कारखान्यात जेवले. आता इथं मटण. यातलं तुमच्या पोटात काय गेलं, आई?"

"हळू बोल. बाहेर ऐकतायत."

बाहेर खरंच ऐकत होते. इतका वेळ बाकावर चाललेली कुजबुज एकदम थांबली होती.

"ऐकू दे की! तुम्ही जेवलात म्हणून मी रोज उरलेलं खात होते. पातेलं पुसून खात होते. वर तुम्हाला म्हणत होते, आई, आज आमटी छान झाली होती, तुम्ही असायला हव्या होतात." सून रडत नव्हती, भयंकर चिडली होती. "चोर केलंत मला. माझ्याच घरात."

"तुला दूध येतंय ना?" मावशी म्हणाल्या. "बाळाचं वजन वाढतंय ना? मग झालं तर!"

"काय झालं? उद्या नळी तोंडावर उडाली की झालं?"

बाळ रडायला लागलं. सून उभी राहून त्याला थोपटू लागली आणि थोपटता थोपटता खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालू लागली. मावशींना पुन्हा गार घाम सुटला होता. गुडघा आपोआप हलत होता, तो त्यांनी हातानं दाबून धरला. आता हात हलायला लागला.

आहारबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. नोकरीत नव्या होत्या, दिवसाला साठ माणसांची कालची जेवणं ऐकून कंटाळलेल्या असत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच न लिहिता विचारलं, "मावशी, काल काय खाल्लंत?"

मावशींनी त्या गोल डागाकडे पाहिलं. डोळ्यांपुढे पोतं आलं. मटण आलं, दही आलं, आंबा आला. सगळं आलं आणि जिभेपाशी येऊन अडलं, कारण सून फेऱ्या थांबवून बघत होती.

"चहा," मावशी म्हणाल्या.

"आणखी?"

"साखर असते त्यात."

आहारबाई उठून डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी ताबडतोब बोटातून रक्त काढलं. या वेळी टपरीवरचा चहा पोटात नव्हता. फार खाली गेलेला आकडा पाहून डॉक्टरांनी आधी ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून मावशींना पाजली आणि मगच बोलायला सुरुवात केली.

"ही गोळी उपाशीपोटी घेत होतात तुम्ही? अहो, जीव गेला असता. आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा सगळे ऐकत होते," मावशी म्हणाल्या.

"आजही ऐकतायत."

"आज माझा इलाज नव्हता."

मग पडद्यापलीकडून आवाज आला, "बाई, लिहिताच आहात तर माझे मागच्या खेपेचे मासे पण खोडा."

"आणि माझी अंडी," दुसरी म्हणाली. "दोन्ही."

"माझं मटण राहू द्या हो," तिसरी म्हणाली, "पोरगा पगार झाल्यावर आणणारेय." यावर सगळं बाक हसलं. त्या हसण्यातच कुणीतरी नाक ओढलं. फोटोवाल्याचं नाव कुणी काढलं नाही.

डॉक्टरांनी वाढवलेली गोळी बंद केली, जुनी होती ती निम्मी केली आणि बजावलं की ज्या वेळी जेवण नाही त्या वेळी गोळीही नाही. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मग औषध फारसं लागणारच नाही की." विनोद करायचा त्यांचा विचार नव्हता.

"आणि कागद?" मावशी म्हणाल्या. "हरकत नाही म्हणून?"

सून म्हणाली, "आत्ता कागदाचं काढताय?"

"कागद नाही मिळाला तर उद्यापासून चहा पण नाही. तो कारखान्याचाच आहे."

डॉक्टरांनी आहारबाईंकडे पाहिलं, आहारबाईंनी खिडकीकडे. डॉक्टरांनी बराच वेळ घेऊन लिहिलं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा नवा कागद घेतला, आणि शेवटी शिक्का मारला.

परतताना मुकादमाला कागद दाखवायला दोघी कारखान्यावरून गेल्या. मुकादमानं बोट ठेवत 'हरकत नाही' एवढे दोन शब्द शोधले, खूश झाला आणि म्हणाला, "हात बरा झाला की या." पुढच्या ओळी त्यानं वाचल्या नाहीत, त्या त्याच्या खात्यातल्या नव्हत्या. घडीवालीनं मात्र सुनेला बाजूला घेतलं. दोघींचं काय बोलणं झालं ते मावशींना ऐकू आलं नाही. एवढं दिसलं की घडीवालीनं आपल्या कपाळावर हात मारून घेतला आणि मग ती मावशींकडे बघून भर कारखान्यात ओरडली, "थांब, तुला बघतेच मी! रोज माझ्यासमोर डबा उघडायचा आता, आणि नसेल तर माझ्यातला खायचा, आणि तोंड उघडलंस तर याद राख!"

"माझ्या सुनेसारखंच बोलायला लागलीस की गं," मावशी म्हणाल्या. पण चालताना त्यांचा पाय हलका पडत नव्हता. तीन ठिकाणची तीन जेवणं एका सकाळीत गेली होती, आणि त्यांच्या जागी अजून काही आलेलं नव्हतं.

घरी आल्यावर सुनेनं बाळाला झोपवलं आणि चूल पेटवली. मावशी नेहमीप्रमाणे दाराशी रेंगाळल्या, पायरी झाडली, झाडलेली पुन्हा झाडली.

"आई, या. पानं घेतलीत."

"तू बस आधी. मी जरा..."

"काय जरा? आज कारखाना नाही." सुनेनं दोन ताटल्या समोरासमोर मांडल्या होत्या. "माझ्यासमोर बसायचं, मी बघणार, आणि तुम्ही माझ्याकडे बघायचं. आता कुणी कुणाला फसवायचं नाही."

मावशी बसल्या. दवाखान्याचा कागद त्यांनी डब्याखाली जपून ठेवला होता. वाऱ्यानं तो फडफडत होता आणि शिक्क्याच्या वरच्या ओळी स्पष्ट दिसत होत्या: 'सदर रुग्णास वाफेजवळ काम करण्यास हरकत नाही. अट: रुग्णाने दिवसातून तीन वेळा, ठरल्या वेळी, पोटभर व समतोल आहार घेणे आवश्यक आहे.'

सुनेनं पातेल्यावरचं झाकण काढलं. भात एकीपुरता होता.